दहा रुपयांचा फरक

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. ज्या गावाचा रोजचा व्यवहार, उसाच्या रसवंतीपासून रंगीत गारगोट्या विकणाऱ्या पोरांपर्यंत, लेण्यांच्या फाटकाशी बांधलेला आहे, त्या गावाला आठवड्यातला हा एक दिवस हक्काच्या रजेसारखा मिळतो. आणि घृष्णेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ सोडली तर, तहसील कचेरीत अव्वल कारकुनी करण्यात उभी हयात घालवून घरी बसलेल्या माझ्यासारख्या गृहस्थाला ओसरीवर पुस्तक उघडून बसण्यास याहून निवांत मुहूर्त सापडत नाही.

पुस्तके माझी नव्हेत. पुण्यास नोकरी करणारा माझा नातू सुटीत येतो तेव्हा आत्मोन्नतीवरची दोनचार पुस्तके बरोबर आणतो आणि जाताना, बहुधा ओझे नको म्हणून, येथेच टाकून जातो. गेल्या पावसाळ्यात हा ढीग मी उपसला. स्टीफन कव्ही यांचे सात सवयींवरील १९८९ सालचे पुस्तक त्यात होते, जेम्स क्लिअर यांचे २०१८ सालचे ‘अॅटॉमिक हॅबिट्स’ होते, आणि यशाची किल्ली अमुक दिवसांत हाती देण्याची हमी घेणारी इतरही काही होती, ज्यांची नावे विसरण्यास मला फारसे कष्ट पडले नाहीत. या वाङ्मयाची कुचेष्टा करण्याची एक रीत सुशिक्षितांत रूढ आहे. ती मला मान्य नाही. सवय लावायची तर तिचे साधन नजरेसमोर असावे, एवढे एक सूत्र वाचून मी रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी कपाटातून काढून चहाच्या डब्याशेजारी ठेवली, आणि जे काम सौभाग्यवतींच्या बारा वर्षांच्या तगाद्याने साधले नव्हते ते आठवडाभरात साधले. पुस्तकाची किंमत तेवढ्यात वसूल झाली असे मी मानतो.

क्लिअर महाशयांचा एक हिशेब मात्र माझ्यातल्या कारकुनाला स्वस्थ बसू देईना. रोज शेकडा एक या प्रमाणात माणूस सुधारत गेला तर वर्षअखेर तो मूळच्या सदतीस पट होतो, असे ते म्हणतात. मी कागद घेऊन पडताळा पाहिला. गुणाकार बिनचूक आहे, सदतीस पटींहून किंचित अधिकच येते. परंतु चक्रवाढीशी आमच्या मुलखाची ओळख फार जुनी, आणि ती उलट्या बाजूने झालेली आहे. दरमहा शेकडा पाच या दराने सावकाराकडून उचललेले शंभर रुपये, व्याज मुदलात चढत गेले तर, बारा महिन्यांनी एकशे ऐंशीच्या घरात जातात. चक्रवाढ आपल्या बाजूने चालते की विरुद्ध, हे माणसाच्या पहाटे उठण्यावर किती आणि त्याच्या दाराशी पत कोण घेऊन उभा आहे यावर किती अवलंबून असते, याचा खुलासा त्या पुस्तकात मला आढळला नाही.

माझे वडील निजामी अमदानीत पटवारी होते. त्यांच्या दप्तराच्या रुमालात, पाहणीपत्रकांच्या सोबतीला, दासबोधाची एक पोथी असे. वीस दशके आणि दोनशे समास यांच्या त्या ग्रंथाला आपण अध्यात्माच्या कोनाड्यात ठेवून मोकळे झालो. पण एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच समर्थांनी लेखनक्रियेचे निरूपण केले आहे, आणि अक्षराचे वळण, शाई, कागद यांसारख्या ज्या बाबी आज एखाद्या कार्यालयीन प्रशिक्षणात सांगितल्या जातील त्या तेथे ज्या बारकाईने येतात, तिला मोक्षाइतकीच कारकुनीचीही कळकळ आहे. शिवाय दुसऱ्या दशकात, मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर, समर्थ अखेरच्या समासात पढतमूर्खाकडे वळतात. पुष्कळ वाचलेला आणि वाचलेल्यातले काहीच न आचरणारा तो इसम, माझ्या ओसरीवरच्या ढिगाशेजारी बसलेला मला स्पष्ट दिसला; त्याला चष्मा होता आणि तो माझाच होता. आधुनिक ग्रंथकार सहसा वाचकाला दुखवीत नाहीत, कारण वाचकाने पुढचेही पुस्तक विकत घ्यावयाचे असते.

या साऱ्या वाङ्मयाला ज्याने नाव दिले तो सॅम्युएल स्माइल्स, आणि त्याचे ‘सेल्फ हेल्प’ १८५९ साली निघाले. त्या पुस्तकाच्या जन्माची हकीकत त्यातल्या उपदेशाहून मला अधिक मोलाची वाटते. इंग्लंडातील लीड्स शहरी दोनतीन गरीब तरुणांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमून, ज्याला जे येते ते दुसऱ्यास शिकवावे, असा बेत केला. आधी एकाच्या झोपडीत, उन्हाळ्यात बागेत, आणि मंडळी वाढली तेव्हा, पूर्वी पटकीचे इस्पितळ असल्यामुळे कोणी भाडेकरू फिरकत नव्हता अशा एका कळकट जागेत त्यांचे वर्ग भरू लागले. कोणी वाचन शिकवी, कोणी अंकगणित. त्यांच्या आग्रहावरून स्माइल्सने १८४५ च्या सुमारास त्यांच्यापुढे जी भाषणे केली त्यांतून पुढे हा ग्रंथ झाला. आणि ग्रंथाच्या नावावरून लोक तो स्वार्थाचा पुरस्कार समजू लागल्यावर, पुढल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याला त्याबद्दल हळहळ व्यक्त करावी लागली. ‘सेल्फ हेल्प’ हे नाव एकट्याचे, जन्म मात्र चारचौघांतला.

हिवाळ्यात एका कंपनीची माणसे लेणी पाहावयास आली होती, आणि त्यांच्यासोबतचा व्याख्याता, कैलासासमोर उभा राहून, शेवट नजरेसमोर ठेवून आरंभ करण्याच्या कव्ही यांच्या सूत्राचे हे लेणे कसे मूर्तिमंत उदाहरण आहे, ते समजावीत होता. मी फुकटचा श्रोता म्हणून मागे उभा राहिलो. त्याचे सांगणे चुकीचे नव्हते. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खोदीत, सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद असे अंगण मोकळे करीत, मध्ये राखलेल्या खडकातून कळसाकडून पायाकडे जे देऊळ उतरविले गेले, ज्याच्या मागचा कडा शंभर फुटांहून उंच आहे आणि ज्याच्यासाठी उपसलेला दगड दोन लाख टनांच्या आसपास असावा असा एक अंदाज केला जातो, तेथे तोडलेला दगड परत जोडण्याची सोय नव्हती. तेव्हा शेवट नजरेसमोर होता यात संशय नाही. प्रश्न असा की, कोणाच्या नजरेसमोर? आठव्या शतकातल्या पहिल्या कृष्णराजाचे नाव आपल्याला त्याच्या वंशजांच्या ताम्रपटामुळे माहीत आहे. कर्कराजाच्या बडोद्याच्या त्या ताम्रपटात एलापुराच्या, म्हणजे वेरूळच्याच, देवळाचे वर्णन आहे, आणि ते घडविणारा शिल्पी स्वतःच थक्क होऊन, हे आपल्या हातून झाले तरी कसे, असे म्हणाल्याचाही उल्लेख आहे. शिल्प्याचे आश्चर्य नोंदविले, नाव नोंदविण्याचे राहिले. दप्तरदारीत अशा चुका होतात.

लोककथेने ती उणीव आपल्या परीने भरून काढली आहे. राणीने कळस दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा नवस केला, सारे कारागीर हतबल झाले, तेव्हा पैठणच्या कोकसाने वरूनच कामास प्रारंभ करून आठवड्यात कळस दाखविला, अशी ती कथा. व्याख्यात्याला ती ठाऊक असती तर त्याने कोकसाचीही सवय काढली असती. मला मात्र त्या दिवशी जोत्यावरच्या हत्तींकडे पाहताना वाटत होते की, ज्या पाथरवटांनी वर कळसावर छिन्नी चालविली त्यांतल्या कित्येकांना हे हत्ती पाहावयास मिळालेही नसतील. खडकाच्या पोटात हत्ती आहेत एवढ्या भरवशावर त्यांनी आपल्या वाट्याचा दगड फोडून पुढच्याच्या हवाली केला असेल. या कामाला व्यक्तिमत्त्व-विकास म्हणता येईल काय, ते व्याख्यात्याला विचारायचे राहिले, कारण मंडळींची जेवणाची वेळ झाली होती.

स्माइल्सचा शब्द सरकारी मराठीत ‘स्वयंसहायता’ होऊन आला, आणि गंमत अशी की, तो येथे ‘गट’ हे शेपूट लावूनच आला. नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग आरंभिला, आणि आज आमच्या आळीतल्या बायकाही ‘बचत गट’ म्हणतात तो त्याचाच विस्तार. दहा ते वीस जणी, दरमहा ठरलेली वर्गणी, अडीनडीला त्यातूनच कर्ज. व्याज शेकडा दोन. सावकाराच्या निम्म्याहून कमी, आणि तेही पुन्हा त्यांच्याच पेटीत पडते. चक्रवाढ आपल्या अंगणात वळवून घेण्याची ही युक्ती मला नातवाच्या एकाही पुस्तकात सापडली नव्हती. अर्थात तेथे सारे गोड आहे असे नाही. थकलेल्या हप्त्यावरून दोन जावांनी वर्षभर बोलणे टाकल्याचेही मी पाहिले आहे.

त्यांची बैठक मंगळवारीच भरते, कारण बाकीचे दिवस निम्म्याजणी फुलांच्या आणि चहाच्या टपऱ्यांवर असतात. मागल्या महिन्यात पेटीतली रक्कम वहीहून दहा रुपयांनी कमी भरली आणि मला बोलावणे आले. येथून चारपाच कोसांवरच्या देवगिरी किल्ल्यात, किल्लेदार जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेब लिहिणाऱ्या एकनाथांना एका पैची चूक रात्रभर शोधून पहाटे सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, ही परंपरागत कथा मी कचेरीत नव्या उमेदवारांना नेहमी ऐकवीत असे. साहजिकच मी मोठ्या आत्मविश्वासाने वही पुढे ओढली. तीनदा बेरजा केल्या, हातचे तपासले, मागच्या पानाची शिल्लक पुढच्या पानाशी ताडून पाहिली. फरक हलेना. पोरांना भुका लागल्या, एकीने दिवा लावला.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत अंगठा उठविणारी एक बाई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “भाऊसाहेब, आकडे बरोबर हायेत. तुमच्या हातातला पेन कितीचा?”

पेन सकाळीच पेटीतल्या पैशांतून आणविला होता आणि खर्ची टाकावयाचा राहिला होता. मी तो लिहावयास वही ओढली, तर तिनेच ती आपल्याकडे घेतली, पेनही घेतला, आणि खर्चाच्या रकान्यात, जरा उजवीकडे कललेल्या अक्षरात, सावकाश लिहिले: पेन एक, रुपये दहा.