कॅमेरा आधी त्यांच्या हातात द्या

"डीएसएलआर घे, सिंहगडावर जा, डिप्रेशन पळून जाईल." आम्हा आयटीवाल्यांत हा सल्ला फुकटात वाटला जातो. मंडळी, फिरा, फोटो काढा, बरं वाटतं, मान्य. पण कृपा करून त्याला उपचार म्हणू नका!

या विषयात नीट काम झालेलं आहे. कॅनडाच्या मानसतज्ज्ञ जुडी वायझर यांचं फोटोथेरपीवरचं पुस्तक १९९३ साली आलं. त्या सरळ दोन भाग करतात. आपल्या समाधानासाठी फोटो काढणं हा एक. आणि फोटोथेरपी म्हणजे समुपदेशकाने पेशंटचे फोटो, घरचा अल्बम समोर ठेवून त्याला बोलतं करणं. फोकस बरोबर आहे का, याला तिथे काडीची किंमत नाही.

आता आमच्या मराठवाड्यात या. त्याच १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. जगाने पाहिले ते बाहेरच्यांनी काढलेले फोटो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हाही तेच. आणि शेतकरी आत्महत्या? विधवेच्या हातात नवऱ्याची फ्रेम द्यायची, "ताई, जरा इकडं बघा" म्हणायचं, क्लिक! यात त्या बाईला काय मिळालं?

उलटंही करता येतं. १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांनाच कॅमेरे दिले. काय दाखवायचं ते बायकांनी ठरवलं, मग एकत्र बसून त्यावर बोलल्या. याला 'फोटोव्हॉइस' म्हणतात. लातूरला नीटच्या तयारीसाठी राहिलेलं पोरगं फोनवर "बरं चाललंय" याच्यापुढे बोलत नसेल, तर त्याला म्हणा, खोलीचा, डब्याचा, रात्री अकराच्या टेबलाचा फोटो पाठव अन् त्याबद्दल सांग. त्या दिवशी मार्क विचारू नका.

"फोटो काढून काय व्हायलंय?" असं नांदेडात कुणीही विचारेल. नुसते काढून काहीच नाही, ऐकणारं माणूस पाहिजे. म्हणून आधी तालुक्या-तालुक्याला समुपदेशक द्या, कॅमेऱ्याचं नंतर बघू. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. सूर्यास्ताच्या फोटोंऐवजी तो फॉरवर्ड करा.