वाचक मिळविण्याची लाज

एका माणसाने लिहिलेल्या आणि त्यानेच चालविलेल्या नियतकालिकाला वाचक कसे मिळतात, हा प्रश्न मराठी समीक्षेने आपला मानलेला नाही. तो विक्रेत्यांचा, जाहिरातदारांचा, फार तर ग्रंथालयशास्त्राचा प्रश्न, अशी एक मूक वाटणी आपल्याकडे होऊन गेली आहे. ‘खऱ्या लेखकाने वाचकाचा विचार करू नये’ हे विधान परिसंवादांतून इतक्या निर्धास्तपणे केले जाते, की त्याला पुरावा लागतो याचेही भान राहत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या विधानावर आहे. वाचक मिळविणे हा लेखन संपल्यावर करावयाचा उद्योग नसून लेखनाचे रूपच घडविणारा व्यवहार आहे, आणि त्याची लाज बाळगून आपण आपलाच वाङ्मयेतिहास अर्धवट वाचतो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

निमित्त साधे आहे. मी जळोचीत राहतो. एके काळचे हे स्वतंत्र गाव आता बारामती नगरपालिकेच्या हद्दीत मोडते. एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, मी लिहिते ते लोकांपर्यंत जाईल कसं?” “आधी चांगले लिही,” हे ठरीव उत्तर मी दिले. ती म्हणाली, “चांगलं आहे की नाही हे कळायला आधी कुणीतरी वाचायला हवं ना?” तिने दिलेली पाने महिनाभर माझ्या टेबलावर न वाचताच पडून होती, हेही येथेच सांगून टाकतो.

या प्रश्नाचे एक उत्तर बारामतीतच दिले गेले होते. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे पुराण सांगणाऱ्या मोरोपंतांना (१७२९-१७९४) छापखाना ठाऊक नव्हता. त्यांची कविता महाराष्ट्रभर गेली ती हरिदासांच्या मुखातून. या प्रसाराचा उल्लेख प्रत्येक वाङ्मयेतिहासात एका वाक्यात येतो आणि त्यानंतर समीक्षक त्यांच्या यमकांवर, शब्दचमत्कृतीवर कृत्रिमतेचा ठपका ठेवायला मोकळे होतात. परंतु दोन चरणांत आशय पुरा करणारी, आख्यानाच्या मध्येच उचलून घेता येणारी, यमकामुळे स्मरणात टिकणारी आर्या ही केवळ एका पंडिताची हौस होती काय? कीर्तनकाराची गरज त्या रचनेत मुरलेली आहे. ज्याला आपण दोष म्हणतो त्यातील बराच भाग वाहकाची सोय आहे. ती सोय वजा करून उरलेल्या मोरोपंतांचे मूल्यमापन करणे म्हणजे नाटकाची संहिता रंगमंच विसरून वाचणे होय.

मोरोपंतांची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे उदाहरण तर आपल्या विषयाच्या गाभ्याशीच येते. जानेवारी १८७४ मध्ये सुरू झालेली ‘निबंधमाला’ म्हणजे सरकारी शाळेतील एका शिक्षकाने जवळजवळ एकट्याने लिहिलेले मासिक होते. तिचे ८४ अंक निघाले. तिच्या यशाचे श्रेय आपण शैलीला देतो, आणि ते चूक नाही. पण शैली कशासाठी, हे विचारत नाही. विषय महिनोन् महिने क्रमशः चालविणे, लोकहितवादींसारखा प्रतिपक्ष समोर उभा करून त्याच्याशी झुंजणे, वाचकाला साक्षीला बोलावणे, त्याला आपल्या बाजूचा धरूनच बोलणे, ही सारी वाचक बांधून ठेवण्याची तंत्रे आहेत. वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणारा लेखक वाचकाचा विचार करीत नव्हता, असे कोण म्हणेल? मात्र त्या वाचकवर्गाच्या सीमाही याच तंत्रांनी आखल्या. जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि विद्वत्तेची शास्त्रीबुवांनी केलेली टवाळी ज्यांना रुचली, त्यांचाच तो वाचकवर्ग होता.

फुल्यांपुढचा प्रश्न निराळाच होता. त्यांना हवा असलेला वाचक बहुतांशी निरक्षर होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून झाला. त्यातील आरंभीची दोनच प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापली, पुढचे छापण्यास संपादक धजले नाहीत. फुल्यांनी मजकूर जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविला. पुढे १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’ स्वतः काढले. त्याचे दोनच अंक निघाले, आणि दुसऱ्यात त्यांनी ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलने’ची (१८८२) पाठराखण केली. अंकांची संख्या हाच निकष मानला तर ८४ विरुद्ध २ असा हिशेब मांडून आपण मोकळे होऊ. पण ज्यांनी ऐकले त्यांची नोंद कोणत्या वर्गणीदारांच्या यादीत सापडणार? ‘गुलामगिरी’तील धोंडिबा मध्ये मध्ये प्रश्न विचारतो, कारण फुल्यांचा वाचक समोर बसून ऐकणारा आणि अडवणारा आहे. संवादरूप हे येथे अलंकरण नव्हे.

आता र. धों. कर्वे. येथे थोडे थांबावे लागेल, कारण वाचक मिळविण्याच्या लाजेची खरी कसोटी येथे लागते. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सुटलेल्या या गृहस्थाने जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि मृत्यूपर्यंत, सव्वीस वर्षे, ते चालविले. मुखपृष्ठावरील नग्न चित्रांवरून त्यांच्यावर गिऱ्हाईक ओढण्याचा आरोप झाला. त्यांचे कैवारी आजही घाईघाईने सांगतात, की तसे मुळीच नव्हते, ती केवळ तत्त्वनिष्ठा होती. मला ही घाईच संशयास्पद वाटते. नग्नतेत लज्जास्पद काही नाही हे ज्याला पटवायचे आहे त्याने ते मुखपृष्ठावरच सांगितले, आणि त्यामुळे कोणी अंक हातात घेतला, तर त्यात कर्व्यांचे काय चुकले? तत्त्व आणि आकर्षण यांचे वैर आपण गृहीत धरले आहे; कर्व्यांनी ते गृहीत धरले नव्हते.

याहून महत्त्वाचे आहे ते वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे सदर. ज्या गोष्टी घरात, वैद्याकडे, मित्रापाशीही बोलता येत नव्हत्या त्या माणसे या मासिकाला विचारीत. १९३४ चा अश्लीलतेचा खटला झाला तो अशाच उत्तरांवरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. खटला हरला आणि २०० रुपये दंड झाला. म्हणजे वाचकाला उत्तर देणे हाच गुन्हा ठरला! एवढे होऊनही मासिकाची ओढाताण संपली नाही. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले आणि नोव्हेंबरचा अंक अखेरचा ठरला. वाचक थोडे होते. पण त्यांच्या प्रश्नांनीच अंकाचा बराचसा मजकूर ठरत होता, आणि ज्याला आपण ‘संहिता’ म्हणतो तिचे ते सहकर्ते होते.

याउसचे ‘अपेक्षांचे क्षितिज’ आणि इझरचा ‘गर्भित वाचक’ आपण आयात केले, ते उपयुक्तही ठरले. पण गर्भित वाचकाची एक मोठी सोय आहे: त्याला वर्गणी भरावी लागत नाही आणि तो उलट टपाली पत्र पाठवीत नाही. याउसचा आग्रह तर ऐतिहासिक वाचकाचा होता. तो आपण सोयीस्करपणे गाळला.

या सोयीला आता प्रशासकीय आधारही मिळाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या प्रकाशित लेखांना गुण देणे सुरू केले, आणि लेख छापून येताच त्याचे कार्य संपू लागले. पुढे मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये ती रद्दही झाली. या साऱ्या धामधुमीत लेख कोणी वाचला काय, हे विचारणारा रकाना कोणत्याही अर्जात माझ्या पाहण्यात आला नाही. वाचकनिरपेक्षतेचे तत्त्व मांडणारे आपण सारे अशा व्यवस्थेत नांदतो जिथे वाचक नसला तरी काही अडत नाही. तत्त्व आणि सोय यांची ही गाठ योगायोगाची आहे, असे मला वाटत नाही.

याचा अर्थ खप हेच मूल्य, असा कोणी काढू नये. गल्लाभरू लेखनाची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. ‘सत्सार’ आणि ‘समाजस्वास्थ्य’ यांची नावे घेणाऱ्याला ती घेताही येणार नाही. वाचक मोजणे वेगळे आणि मिळविणे वेगळे. मोजणाऱ्याला संख्या पुरते. मिळविणाऱ्याला मात्र वाहक कोण, अडवणारा कोण, पुढच्या अंकाची वाट कोण पाहणार, याचा विचार लिहितानाच करावा लागतो.

या नियतकालिकाच्या संपादकांना म्हणून एक विनंती आहे. त्यांनी पुढच्या अंकापासून आपल्या वर्गणीदारांची संख्या पहिल्या पानावर छापावी आणि वाचकांच्या पत्रांसाठी चार पाने राखून ठेवावीत. पहिले पत्र या लेखाच्या विरोधात असले तरी हरकत नाही.