काळ्या मातीची खोड

पावसाळा सरला की मराठवाड्यातील रस्ते खचतात, भेगाळतात आणि सारा दोष ठेकेदाराच्या माथी मारला जातो. तो सदैव निर्दोष असतो असे नव्हे. परंतु मूळ खोड काळ्या मातीची आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते. म्हणून ती खणून टाकावयाची आणि टेकड्या पोखरून मुरूम आणावयाचा, हा आपला परिपाठ!

इकडे साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडाची राख ढिगांनी साचते. तिच्यातील सिलिकेचा चुन्याशी संयोग झाला की माती घट्ट बांधली जाते व तिचे फुगणे कमी होते, हे प्रयोगांती दिसून आले आहे. शेतातील शेषाने मातीला बळ द्यावे, ही कल्पना आपणांस परकी नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिसळलेले आहेत, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यातील एक संशोधक याच शहरातील विद्यापीठाचे!

अर्थात सर्वच राख सारखी नसते. मातीगणिक प्रमाणही बदलते. म्हणूनच शासनाने एखाद्या ग्रामीण रस्त्याचा एकच किलोमीटर या रीतीने बांधून तीन पावसाळे पारखावा. फसला तर हानी किलोमीटरभर. साधला तर टेकड्या वाचतील आणि खेड्याची वाट पावसातही शाबूत राहील.