कोकनी, पण कोकणातला नव्हे!

दोस्तांनो, ‘कोकनी’ नावाचा एक मासा आहे असं सांगितलं, तर मालवण-रत्नागिरीकडची मंडळी लगेच कान टवकारतील. ‘अरे, हा तर आमच्याकडचाच!’ पण तसं नाही बरं का. हा कोकनी राहतो तिकडे लांब, अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम भागातल्या थंडगार तळ्यांमध्ये. आपल्या कोकणाशी त्याचा संबंध फक्त नावापुरता.

कोकनी म्हणजे सॉकाय जातीचा सॅमन. सॉकाय नदीत किंवा तळ्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा गोड्या पाण्यात येतो. कोकनीनं मात्र समुद्राचा नादच सोडला. तो जन्मभर तळ्यातच राहतो. म्हणून आकारानंही लहान, बांगड्याएवढा किंवा थोडा मोठा. तीन-चार वर्षं तो चांदीसारखा चकचकीत असतो. मग एका शरद ऋतूत त्याचं अंग लालभडक होतं, तो अंडी घालतो आणि मरून जातो.

आज आपण त्याला पकडायला जाणार आहोत. कुठे? आयडाहो राज्यातल्या सर्वांत मोठ्या तळ्यावर. त्याच्या नावाचं स्पेलिंग फ्रेंच आहे, पण उच्चार सोपा : पाँडरे. खोली सुमारे ३५० मीटर! कुतुबमिनार एकावर एक पाच ठेवले, तर पाचव्याचा फक्त शेंडा बाहेर राहील. इतकं खोल आणि शांत पाणी म्हणून अमेरिकेचं नौदल इथे पाणबुड्यांच्या छोट्या प्रतिकृती सोडून चाचण्या घेतं.

दिवस एप्रिलचे. डोंगरांवर अजून बर्फ आहे. होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट घाला. पोहता येत असलं तरीही! पाणी इतकं गार आहे, की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत बधिर होतात.

आता पहिला प्रश्न. ३५० मीटर खोल पाण्यात एवढासा मासा शोधायचा कुठे?

शाळेत ‘पाण्याचे असंगत आचरण’ शिकलात ना? पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. हिवाळा संपता संपता तळ्याचं पाणी वरपासून खालपर्यंत जवळपास सारखंच गार असतं. वसंतातलं ऊन पडलं की वरचा थर तेवढा जरासा कोमट होतो आणि हलका असल्यामुळे वरच राहतो. कोकनीला दहा-बारा अंशांचं पाणी आवडतं. शिवाय त्याचं खाणं, म्हणजे डॅफ्निया आणि सायक्लॉप्ससारखे टाचणीच्या टोकाएवढे जीव, याच उजेडाच्या थरात असतं. कोकनीच्या कल्ल्यांत कंगव्यासारखे दाते असतात. टिपलेले बारके जीव त्यांत अडकतात आणि पाणी निघून जातं. आपल्या बांगड्याच्या कल्ल्यांतही अशीच चाळणी असते. म्हणून एप्रिलमध्ये कोकनी वरच्या पाच-सहा मीटरांतच सापडतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं, की तो वीस-तीस मीटर खाली जातो आणि मग गळ तिथवर पोचवायला शिशाचे जड गोळे आणि चाकं लागतात. सुरुवातीच्या हंगामात यातलं काहीच नको.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : कोकनी दिवसा, डोळ्यांनी बघून खातो. पुढे लागणार आहे.

काठावर बसून गरी टाकणं तुम्ही पाहिलं असेल. इथे मात्र होडी चालू ठेवायची आणि गळ मागून ओढत न्यायचे. याला ट्रोलिंग म्हणतात. होडीचा वेग किती? ताशी दोन किलोमीटरच्या आसपास. आजोबा शतपावली घालतात ना, तेवढा! वर आलेला मासा होडीच्या सावलीला बुजतो, म्हणून दोरी तीस-चाळीस मीटर मागे सोडायची. काही जण दोरीला फळीचा एक छोटा तराफा लावतात. तो पाण्याच्या रेट्यानं होडीपासून दूर बाजूला सरकतो आणि गळ न बुजलेल्या माशांपुढून जातो.

दोरीच्या शेवटाकडे ‘डॉजर’ नावाची चकचकीत पत्र्याची पट्टी असते. ती कशी चालते हे घरीच बघा. स्टीलच्या चमच्याला दोरा बांधा आणि तो हौदातून किंवा टबातून हळूहळू ओढा. चमचा डावी-उजवीकडे डोलेल. वेग वाढवला, तर गरगर फिरायला लागेल. कोकनीला डोलणारी पट्टी हवी, गरगरणारी नको. तिच्या मागे वीतभर अंतरावर गुलाबी किंवा केशरी रंगाचा छोटा गळ असतो आणि त्याला मक्याचा पांढरा दाणा.

आता तुम्ही म्हणाल, टाचणीच्या टोकाएवढे जीव खाणारा मासा मक्याला कशाला तोंड लावेल? मासेमारांचं म्हणणं असं, की त्याला भूक नव्हे, राग येतो. समोरून काहीतरी चकचकत, डोलत गेलं की तो डिवचला जातो आणि चावतो.

होडी सरळही न्यायची नाही. नागमोडी न्यायची. वळताना आतल्या बाजूचा गळ मंदावून खाली जातो, बाहेरचा वेगानं वर येतो. मासा ज्या गळाला लागला, त्यावरून कळतं, की आज वेग वाढवायचा की कमी करायचा. आणि मासा लागला तरी हिसका द्यायचा नाही! कोकनीचं तोंड कागदासारखं नाजूक असतं. हिसक्यानं ते फाटतं आणि मासा निसटतो. म्हणून काठी लवचीक हवी, दोरीत रबराचा तुकडा हवा आणि मासा जवळ आला की हाताचं जाळं हळूच खालून घालायचं.

इतकी सगळी तयारी. तरीही या पाँडरे तळ्यावर २००० सालापासून पुढची बारा-तेरा वर्षं एकही कोकनी घरी न्यायला बंदी होती. का? ही गोष्ट ऐकाच.

१९५० च्या दशकात या तळ्यातून वर्षाला सरासरी दहा लाख कोकनी पकडले जात. मग ते कमी होऊ लागले. एक कारण धरण. हिवाळ्यात पाण्याची पातळी खाली नेली, की काठाजवळच्या वाळूखड्यांत कोकनीला अंडी घालायला जागा उरत नसे. मग माणसांनी ठरवलं, बिचाऱ्या माशाला जरा चांगलंचुंगलं खायला देऊ. १९६६ मध्ये तळ्यात ‘मायसिस’ सोडला. हा आपल्या जवळ्यासारखा दिसणारा, फार तर इंचभर लांबीचा जीव. १९४९ मध्ये तो कॅनडातल्या कूटनी तळ्यात सोडला होता आणि तिथले कोकनी चांगले धष्टपुष्ट झाले होते. झालं! ते पाहून कितीतरी तळ्यांत मायसिस सोडला गेला.

पण एक गोष्ट कुणी तपासली नाही. मायसिस दिवसा तळाशी अंधारात बसतो आणि रात्री वर येतो. कोकनी दिवसा बघून खातो. म्हणजे एक दिवसपाळीवर, दुसरा रात्रपाळीवर! दोघांची गाठ पडणार कशी? कूटनीच्या ज्या फाट्यात मासे वाढले, तिथे पाणी एका उथळ उंबरठ्यावरून वाहतं. त्या प्रवाहाबरोबर मायसिस दिवसाउजेडी वर येत आणि माशांच्या तोंडात आयते पडत. इतर तळ्यांत असा उंबरठा नव्हता. तिथे मायसिस रात्री वर येई आणि कोकनीचा डॅफ्निया फस्त करून पहाटे खाली जाई. ज्याला जेवण म्हणून आणलं, तोच पानावर बसला!

शेजारच्या मोंटाना राज्यात तर फारच वाईट झालं. तिथल्या फ्लॅटहेड तळ्यात मायसिस कुणी सोडलासुद्धा नव्हता. वरच्या तळ्यांतून तो वाहत आला आणि १९८१ मध्ये पहिल्यांदा दिसला. त्या तळ्यातले कोकनी दर शरदात मॅक्डोनाल्ड ओढ्यात अंडी घालायला जात. एका हंगामात लाखभर! त्यांना खायला पांढऱ्या डोक्याचे गरुड जमत. १९८१ मध्ये एका दिवशी ६३९ गरुड मोजले होते. पुढच्या काही वर्षांत कोकनी जवळजवळ संपले. १९८९ मध्ये गरुड उरले २५. पाण्यातला इंचभर जीव आणि आकाशातला गरुड. पाहिलंत, धागा कुठून कुठे जातो ते?

पाँडरेमध्ये आणखी एक भर पडली. लेक ट्राउट हा मोठा शिकारी मासा. तोही बाहेरून आणून सोडलेला. त्याची पिल्लं मायसिसवर पोसली गेली आणि मोठी होऊन कोकनीवर तुटून पडली. म्हणून २००० मध्ये कोकनी पकडणं बंद झालं. २००६ पासून लेक ट्राउट कमी करण्यासाठी जाळी लावली, शिवाय पकडेल त्याला माशामागे १५ डॉलर बक्षीस ठेवलं. हळूहळू कोकनी वाढले आणि २०१३ मध्ये बंदी उठली. तेव्हा मुभा किती? माणशी दिवसाला सहा मासे.

गंमत म्हणजे कोकनी स्वतःही या तळ्यात पाहुणाच! १९१६ मध्ये तो फ्लॅटहेडमध्ये सोडला गेला आणि १९३० च्या दशकात नदीतून वाहत पाँडरेमध्ये आला. म्हणजे पाहुणा आला की सगळं बिघडतंच असं नाही. पण कोणता पाहुणा काय करेल, हे आधी सांगता येत नाही आणि एकदा पाण्यात सोडलेला जीव वेचून बाहेर काढता येत नाही. आपल्या उजनी धरणात चिलापी किती झालाय, ते भिगवणच्या मासेविक्रेत्यांना विचारा. तोही मूळचा आफ्रिकेचा. तेव्हा घरच्या काचेच्या टाकीतला मासा नकोसा झाला, तर ‘सोडू या बिचाऱ्याला नदीत’ असं म्हणू नका. दुकानदाराला परत द्या, नाहीतर मित्राला द्या. आईबाबांनाही हे सांगून ठेवा.

आणि हो, आपली होडी अजून चालूच आहे! ती पाहा, काठी थरथरली. सावकाश... हिसका नको... जाळं खालून घाला. आला! चांदीसारखा चकचकीत, हातभरसुद्धा नाही. किती झाले ते मोजा. नियमात बसतात तेवढे झाले, की गळ गुंडाळायचे आणि होडी काठाला लावायची. बाकीच्यांना शरदात लाल व्हायचंय.