उद्योजकतेचा अनुशेष

केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली. तीखाली मान्यता मिळालेल्या नवउद्योगांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या यशातील सिंहाचा वाटा मुंबई-पुण्याचा आहे. पदवी हाती पडताच नांदेड-परभणीचा होतकरू तरुण पुण्याची गाडी धरतो, हे तेथील प्रत्येक प्राध्यापक जाणतो.

हा असमतोल भूखंड आणि सवलती देऊन दूर होईल, अशी आपली जुनी समजूत आहे. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. मागास भागांसाठी प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. त्यांतून वाळूजसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, हे मान्यच केले पाहिजे. पण अन्यत्र आखलेले कित्येक भूखंड ओसच राहिले. उद्योगाला जमिनीइतकीच गिऱ्हाइकाची, कुशल कारागिराची आणि धीर धरणाऱ्या सावकाराची गरज असते.

बंगळूरचेच पाहा. तेथे १९०९ साली विज्ञानसंस्था, १९४० साली विमानांचा कारखाना आणि पुढे इतर सार्वजनिक उद्योग आले. तंत्रज्ञांच्या दोन पिढ्या तेथे आधीच घडल्या होत्या. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली ‘इन्फोसिस’ १९८३ मध्ये त्याच शहरात गेली, यात नवल ते काय?

याचा अर्थ मागे राहिलेल्या भागांनी हातपाय गाळावेत असा नाही. बेळगावची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजेसाहेबांनी माळरानावर जमीन दिली, कर्जही दिले. आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या छोट्या संस्थानाने जे केले, ते आज जिल्ह्यांना का साधू नये?

दांडेकर समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेष रुपयांत मोजला. उद्योजकतेचा अनुशेष तसा मोजता येणार नाही. तो कमी मात्र करता येईल. जिल्हा परिषदा व नगरपालिकांनी आपल्या खरेदीचा ठरावीक हिस्सा स्थानिक नवउद्योगांसाठी राखावा, त्यांची बिले वेळेवर चुकती करावीत. तंत्रनिकेतनांच्या कार्यशाळा सायंकाळी माजी विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात. एकदा अपयश आलेल्या तरुणाला बँकेने कायमचे बाद ठरवू नये. यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही. गरज आहे ती जिल्ह्याच्या ठिकाणी निर्णय घेण्याच्या धैर्याची.