रखवालदार सुटला, कळवलं कुणाला?

संगणकातलं आम्हांला पासबुक छापण्यापलीकडे काही कळत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. (शिक्षण : बी. कॉम., सेकंड क्लास.) पण नोटीस कशी द्यावी, हे मात्र बँकेतल्या कारकुनाला कुणी शिकवू नये. लॉकरचं भाडं थकलं तर आम्ही रजिस्टर्ड पत्र धाडतो आणि पोच फायलीला लावतो.

आमच्या अण्णांच्या संगणकावर एक अँटीव्हायरस होता. कंपनीचं नाव सांगत नाही. न जाणो, तिचं खातं आमच्याच शाखेत निघायचं! ही वस्तू म्हणजे आमच्या काउंटरवरची नमुना-सह्यांची कार्डं, फक्त उलटी. सही जुळली की आम्ही पैसे देतो, तो दार लावतो. व्हायरसच्या ओळखखुणेला त्या धंद्यातही 'सिग्नेचर'च म्हणतात. आता नव्या चोरांच्या सह्या येणंच थांबलं, तर? रखवालदार दाराशी तसाच बसलेला, टोपीसुद्धा तीच. पण ओळखणार फक्त जुने चोर. रखवालदार नसलेला परवडला, निदान माणूस कडी तरी लावतो.

ही सह्याबंदी कंपनीनं कळवली कशी? पडद्याच्या कोपऱ्यात, इंग्रजीतून, एक चौकट. ती नेमकी अण्णांच्या पत्त्यांच्या डावावर आली. त्यांनी ती फुलीवर टिचकी मारून घालवली. झाली नोटीस बजावून!

मोठ्यांच्या घरीही हीच रीत. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी काढला. मुदत भरपूर दिली, व्हायरसच्या सह्याही 14 जुलै 2015 पर्यंत पुरवल्या, हे मान्य. पण पडद्यावरच्या सूचनेखाली 'हा संदेश पुन्हा दाखवू नका' असा चौकोन ठेवण्याची बुद्धी कुणाची? पुढे मे 2017 मध्ये वॉनाक्राय आला, तेव्हा त्याच एक्सपीसाठी घाईघाईनं ठिगळ काढावं लागलं. म्हणजे माणसं अजून तिथंच बसली आहेत, हे ठाऊक होतं तर!

आणि पत्ता नव्हता म्हणावं, तर अण्णांचं नाव, मोबाइल, ई-मेल, सगळं विकतानाच लिहून घेतलेलं. वर्गणी संपत आली की आठवड्यात चार-चार एसएमएस यायचे. पैसे घ्यायचे असले की माणूस सापडतो. पहारा उठवायचा असला की चौकट!

हे सारं मी अण्णांना तावातावानं समजावून सांगितलं. ते पत्ते पिसत म्हणाले, "मग मेल्यांनी एक कार्ड का नाही टाकलं रे?"