आधी नळ, मग नकाशा!

शहराच्या कडेला नव्या वसाहतीची आखणी झाली की चुन्याच्या रेघा उमटतात, कमानी उभ्या राहतात, भूखंडांचे भाव गगनाला भिडतात. पाणी कोठून येणार आणि मैला कोठे जाणार, हे मात्र कोणी विचारीत नाही!

हिशेब सोपा आहे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी, हे सरकारमान्य प्रमाण. पाच माणसांची २०० घरे म्हणजे रोजचे १ लाख ३५ हजार लिटर. त्यांपैकी सुमारे ८० टक्के, म्हणजे १ लाख ८ हजार लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडणार. त्यास वाट नसेल, तर ते शोषखड्ड्यांतून शेजारच्या विहिरींतच उतरणार!

बेळगाव राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांवर जगते. जलाशय कागदी मंजुरीने भरत नाहीत. जलवाहिनी, टाकी, मलवाहिनी आणि शुद्धीकरणाची क्षमता आधी सिद्ध झाली पाहिजे आणि वसाहतीपुरता खर्च विकासकानेच सोसला पाहिजे. नाहीतर जुन्या गल्लीतील नळाची धार बारीक करूनच नव्या वसाहतीची तहान भागविली जाईल.

'मग घरे नकोत काय?' असा सवाल टाकला जाईल. घरे हवीतच! परंतु जन्माची पुंजी ओतणाऱ्या गृहस्थाला टँकरच्या रांगेत उभे करणे हे गृहनिर्माण नव्हे. ती उघड फसवणूक आहे. नागरिकहो, इसार देण्यापूर्वी दोन लेखी दाखले मागा : एक पाण्याचा, दुसरा गटाराचा. ते नसतील, तर इसार खिशातच राहू द्या!